हातभरणीच्या काडतुसांची अचूकता : तीन गोळ्यांचा पुरावा आणि त्याची परिभाषा

मराठीतील बंदुकीचा शब्दसंग्रह जवळजवळ सगळा परका आहे. 'बंदूक' हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगीजांनी आणून दिले. 'दारू' हा फारसी शब्द मूळचा औषधवाचक असून तो आपल्याकडे मद्य आणि बंदुकीची भुकटी अशा दोन अर्थांनी स्थिरावला. ह्या परक्या मेळाव्यात 'नेम' हा शब्द तेवढा घरचा आहे. तो संस्कृत 'नियम' शब्दापासून आला आणि त्याचे दोन्ही अर्थ मराठीत आजही नांदत आहेत : उपासतापासाचा नेम आणि बंदुकीचा नेम. पहिल्या अर्थात पुनःपुन्हा तेच घडण्याचा नियमितपणा आहे, दुसऱ्यात इष्ट स्थानी पोहोचण्याचा रोख आहे. एखादी बंदूक सर्व गोळ्या एकाच ठिकाणी, पण लक्ष्यापासून वीतभर डावीकडे टाकीत असेल, तर ती पहिला नेम पाळते, दुसरा चुकविते. 'अचूक' ह्या एकाच विशेषणाने आपण दोन्ही गुण उल्लेखितो, आणि प्रस्तुत लेखात ज्या व्यवहाराचा विचार करावयाचा आहे त्यातही नेमकी हीच गल्लत आढळते.

तो व्यवहार असा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायद्याने आखून दिलेल्या हंगामात हरणाची शिकार करण्याचा प्रघात मोठा आहे, आणि त्या शिकाऱ्यांपैकी अनेक जण आपली काडतुसे कारखान्यातून न घेता घरी स्वतः भरतात. हातमाग, हातकागद ह्या शब्दांच्या धर्तीवर आपण ह्या उद्योगास 'हातभरणी' म्हणू, आणि दारू, गोळी, पुंगळी इत्यादींच्या एका विशिष्ट जुळणीस 'भरणी' म्हणू. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत बार भरला जाई तो हातानेच. येथे अभिप्रेत आहे ते मात्र आधुनिक रायफलीचे काडतूस. भारतात हा विषय केवळ अभ्यासापुरताच उरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी घातली आहे आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम परवान्यावाचून दारूगोळा बनविण्यास मज्जाव करतो. म्हणून भरणीच्या मात्रांचे आकडे ह्या लेखात नाहीत. त्यांची येथे गरजही नाही.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने ह्या विषयास हात का घालावा, असा प्रश्न कोणीही विचारील. संशोधनपद्धतीच्या अध्यापनात मला हे उदाहरण अतिशय उपयोगी वाटत आले आहे, हे त्याचे एक कारण. तुटपुंज्या नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह येथे इंचांत मोजता येतो. बोलींच्या अभ्यासात तोच मोह इतका उघडा पडत नाही. दुसरे कारण असे की, ह्या मोहाला हातभरणी करणाऱ्यांची भाषाच सतत खतपाणी घालीत असते, आणि हा प्रांत निश्चितपणे आपला आहे.

काडतुसाचे घटक चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी म्हणजे प्राइमर, आतील दारू आणि तोंडाशी रोवलेली गोळी. बार उडाल्यावर पुंगळी फुगून बंदुकीच्या घराच्या, म्हणजे चेंबरच्या, भिंतींस चिकटते व गार होताच किंचित आक्रसते. ही रिकामी पुंगळी साच्यातून काढून पुन्हा मापात आणावयाची, नवा प्राइमर बसवावयाचा, दारू तोलून घालावयाची आणि गोळी ठरावीक खोलीपर्यंत दाबावयाची, एवढी ही क्रिया आहे. कारखान्याचे काडतूस कोणत्याही बंदुकीत सुखरूप चालावे अशा बेताने बनविलेले असते. हातभरणी करणारा ते आपल्या एका बंदुकीच्या मापाने बनवितो. कपड्यांच्या दुकानातील सदरा आणि शिंप्याकडून बेतून घेतलेला सदरा ह्यांत जो फरक, तोच येथे. ह्या बेतण्यास मर्यादा आहेत. .३०-०६ ह्या जुन्या लोकप्रिय काडतुसास (त्याच्या नावातील ०६ म्हणजे अमेरिकी सैन्याने त्याचा स्वीकार केला ते १९०६ साल) प्रत्येक चौरस इंचास ६०,००० पौंड ही दाबाची कमाल मर्यादा तेथील उत्पादकांच्या संस्थेने ठरविलेली आहे. प्रसिद्ध झालेल्या कोष्टकांतील किमान मात्रेपासून आरंभ करून कमाल मात्रा कधीही ओलांडावयाची नाही, हा हातभरणीचा पहिला दंडक आहे आणि तो मोडणाऱ्याची बंदूक त्याच्याच तोंडासमोर फुटू शकते.

दारू व गोळी दोन्ही 'ग्रेन' ह्या परिमाणाने तोलतात. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्या गुंजेप्रमाणेच हेही मूळचे बियांचे वजन. गुंज भरते ग्रेनच्या सुमारे दुप्पट. १८३३ साली ब्रिटिश अंमलात तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे निश्चित झाले. .३०-०६ च्या काडतुसात १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. म्हणजे अमेरिकी शिकारी हरणावर जी गोळी झाडतो ती बरोबर एक तोळा भरते. वजनाचा हा योगायोग विषयाला सोडून आहे खरा, पण तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता 'अचूक' भरणी शोधण्याची रूढ रीत पाहू. शिकारी गोळीची व दारूची एकेक जात निवडतो. मग दारूची मात्रा अर्ध्या ग्रेनने किंवा त्याहूनही कमी अंतराने वाढवीत दहाएक भरण्या तयार करतो आणि प्रत्येक भरणीच्या तीन गोळ्या १०० यार्डांवरील कागदावर झाडतो. तीन छिद्रांचा जो पुंजका उमटतो त्यातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर मोजतो; ह्यास आपण 'कमाल अंतर' म्हणू. दहा पुंजक्यांतील सर्वांत आवळ पुंजका ज्या भरणीचा, ती भरणी विजयी ठरते. मग त्या मात्रेवर कायम राहून गोळी किती खोल रोवावी ह्याचे पुन्हा आठ-दहा प्रयोग, पुन्हा तीन-तीन गोळ्या आणि पुन्हा सर्वांत लहान पुंजक्याची निवड. १०० यार्डांवर एक इंच म्हणजे कोनाचे जवळजवळ एक मिनिट (काटेकोरपणे १.०४७ इंच) असल्यामुळे 'एक इंची बंदूक', 'अर्धा इंची बंदूक' अशी प्रतवारी तेथे चालते. ही रीत सुटसुटीत आहे, तिच्यात तोलणे-मोजणे आहे, वहीतील नोंदी आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास ती प्रयोगशास्त्राचा आदर्शच वाटावी.

दोष आहे तो तीन ह्या संख्येत. कोणतीही बंदूक, यंत्रात जखडून ठेवली तरी, प्रत्येक गोळी त्याच छिद्रातून पाठवीत नाही. मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मॅन ह्या वैद्यकाने माणसाचा हात व डोळा प्रयोगातून पूर्णपणे वगळण्यासाठी अवजड काँक्रीटच्या बैठकीवर नळ्या जखडून वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या आणि १९०९ साली त्याचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. विखुरणे कमी झाले, नाहीसे झाले नाही. हे विखुरणे यदृच्छेचे असते आणि त्याला गणित असते. आडव्या व उभ्या दिशेने विखुरण्याचे प्रमाण विचलन सारखे मानले, तर त्या विचलनाच्या पटीत तीन गोळ्यांचे कमाल अंतर सरासरीने २.४१ भरते, पाचांचे ३.०७ आणि दहांचे ३.८१. गोळ्या वाढतील तसा पुंजका मोठा होत जातो, कारण दुर्मीळ दूरची गोळी पडण्यास तितकी अधिक संधी मिळते. ह्या स्वरूपाची कोष्टके अ‍ॅबर्डीन येथील सैनिकी प्रयोगशाळेतील संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्ज ह्यांनी १९६४ साली खास नेमबाज व क्षेपणास्त्र-अभियंते ह्यांच्यासाठी पुस्तिकेच्या रूपाने सिद्ध केली होती. हे ज्ञान नवे नाही.

सरासरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्या भोवतालचे हेलकावे. तीन गोळ्यांच्या पुंजक्याचा आकार आपल्या सरासरीच्या मागेपुढे सुमारे ३७ टक्के प्रमाण विचलनाने हलतो. एक उदाहरण घेऊ. एका बंदुकीचा पाच गोळ्यांचा पुंजका १०० यार्डांवर सरासरीने दीड इंच भरतो. शिकारीच्या बंदुकीस ही योग्यता मुळीच कमी नव्हे. तिचे प्रमाण विचलन सुमारे ०.४९ इंच आणि तीन गोळ्यांची सरासरी सुमारे १.१८ इंच येईल. आता समजा, आपल्या शिकाऱ्याच्या दहाही भरण्या गुणाने अगदी समान आहेत. मात्रेतील फरकाचा विखुरण्यावर काडीचाही परिणाम नाही. तरीही त्या दहा पुंजक्यांतील सर्वांत लहान पुंजका ०.५७ इंचाच्या आसपास आणि सर्वांत मोठा १.८६ इंचाच्या आसपास येण्याची अपेक्षा आहे. म्हणजे तिपटीहून अधिक फरक! शिकारी वहीत लिहितो : सातवी भरणी उत्तम, तिसरी टाकाऊ. वास्तविक त्याने एकच गोष्ट दहा वेळा मोजली आहे. पुढच्या आठवड्यात तीच सातवी भरणी घेऊन तो मैदानावर जातो आणि पुंजका सव्वा इंचाचा येतो. मग तो वारा, उन्हाचा ताप, प्राइमरचा नवा डबा ह्यांपैकी कोणाला तरी दोष देतो. दोष कोणाचाही नसतो; निवडून काढलेला असामान्य आकडा दुसऱ्या खेपेस सरासरीकडे परततो, एवढेच घडलेले असते.

दोन भरण्यांच्या विखुरण्यात खरोखरीच पाचव्या हिश्शाचा फरक असेल, तर तो निव्वळ योगायोगापासून वेगळा ओळखण्यास किती गोळ्या लागतील? माझ्या हिशेबाने प्रत्येक भरणीच्या साठाच्या आसपास, आणि तेवढ्यानेही ओळख पटण्याची शक्यता निम्मीच. साठ गोळ्या म्हणजे खर्च, खांद्याला बसणारे धक्के, तापलेली नळी आणि तिची झीज. २०२० नंतरच्या काळात तेथे प्राइमरचा मोठा तुटवडा पडला होता. तेव्हा तर तीन गोळ्यांचाही जीव वर-खाली होई. तीनच गोळ्या झाडण्यामागे काटकसर आहे, आळस नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु पुरावा महाग पडतो म्हणून थोड्या पुराव्याचे वजन वाढत नाही. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ साली 'स्टुडंट' ह्या टोपणनावाने लहान नमुन्यांचे जे गणित मांडले, ते अशाच काटकसरीच्या पोटी जन्मले होते. लहान नमुना वापरा, पण त्याच्या लहानपणाची किंमत हिशेबात धरा, असा त्याचा आशय. १९७१ साली आमॉस ट्व्हर्स्की व डॅनियल कानेमन ह्यांनी दाखवून दिले की, संख्याशास्त्रात मुरलेले संशोधकसुद्धा लहान नमुना मोठ्या नमुन्याइतकाच समष्टीचा चेहरा दाखवितो असे मनातून धरून चालतात. तेव्हा शिकाऱ्यास हसण्याचे कारण नाही.

आता ह्या मंडळींच्या भाषेकडे वळू. 'माझ्या बंदुकीला ही भरणी आवडते' हे त्यांचे नित्याचे वाक्य. इंग्रजीत येथे बंदूक कर्त्याच्या जागी, आवडनिवड करणाऱ्या सजीवासारखी बसते. मराठीत ह्या वाक्याचे सहज रूप 'बंदुकीला ही भरणी मानवते' असे होईल. अनुभव घेणाऱ्यास चतुर्थीत ठेवणारी ही आपली रचना आहे. औषध मानवते, हवा मानवते, तशी दारू मानवते. दारू शब्दाचा मूळ अर्थ आठवला म्हणजे ह्या प्रयोगाची गंमत अधिकच कळते. परंतु अनुवाद कसाही करा, वाक्याने केलेले काम तेच राहते. 'सातव्या भरणीचा पुंजका लहान आला' हे एका दुपारच्या घटनेचे वर्णन झाले, आणि त्याला भूतकाळ शोभतो. 'सातवी भरणी मानवते' हा वर्तमान रीतिवाचक आहे. तो स्वभाव सांगतो. घटनेवरून स्वभावाकडे जाण्यासाठी जो पुरावा हवा होता तो क्रियापदाच्या काळाने परस्पर देऊन टाकला. एकदा स्वभाव ठरला की पुढचा मोठा पुंजका स्वभावाविरुद्धचा पुरावा न राहता अपवाद होऊन बसतो.

त्या अपवादासाठी त्यांच्याकडे तयार शब्द आहे : 'फ्लायर'. पुंजक्यापासून दूर पडलेली, 'उडालेली' गोळी. 'दोन गोळ्या एकाच छिद्रातून आणि एक फ्लायर' असे पुंजक्याचे वर्णन वारंवार ऐकू येते, आणि मग मोजमाप होते ते त्या दोन गोळ्यांचे. आता कागदावर कोणतेही तीन ठिपके यदृच्छेने पडू द्या. त्यांचा समभुज त्रिकोण होणे विरळाच. बहुतेक वेळा दोन जवळ आणि एक लांब असेच दृश्य दिसेल. तीन ठिपक्यांत एक 'उडालेला' दिसणे हा नियम आहे आणि त्याला अपवादाचे नाव देण्यात आले आहे! ह्या नावाने दुहेरी नुकसान होते. एक गोळी कमी होऊन आधीच लहान असलेला नमुना आणखी लहान होतो, आणि वगळली जाते ती नेमकी विखुरण्याची सर्वाधिक माहिती देणारी गोळी.

वर उल्लेखिलेले ग्रब्ज संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांस आणखी एका कारणाने परिचित आहेत. मापनमालिकेतील विसंगत माप वगळावे की नाही हे ठरविणारी, त्यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी त्यांनी १९५० साली मांडली. सरासरीपासूनचे सर्वांत दूरचे अंतर भागिले प्रमाण विचलन, एवढीच ती राशी. मापे तीनच असतील तर ही राशी, काहीही झाले तरी, १.१५५ च्या वर जाऊ शकत नाही. आणि माप वगळण्यास रूढ पाच टक्क्यांच्या पातळीवर ती १.१५३ च्या वर जावी लागते. दार इतके अरुंद आहे की, इतर दोन मापे जवळजवळ एकरूप असल्यावाचून त्यातून काहीच बाहेर पडत नाही. ज्या संख्याशास्त्रज्ञाने नेमबाजांसाठी पुस्तिका लिहिली त्याचीच कसोटी तिघांतील फ्लायर ओळखण्यास असमर्थ आहे, ह्याहून स्पष्ट साक्ष कोणती द्यावी?

आपल्या शास्त्रास हा प्रकार अनोळखी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवव्याकरणकारांनी ध्वनिनियमांस अपवाद नाही अशी घोषणा केली, आणि जे शब्द नियमात बसले नाहीत त्यांना 'सादृश्य' किंवा 'उसनवारी' ही नावे देऊन बाजूस सारण्याची सोय ठेवली. पुष्कळदा ती नावे योग्यच होती. परंतु ग्रिमच्या नियमाचे अपवाद कार्ल व्हेर्नरने बाजूस न सारता एकत्र गोळा केले, ते वैदिक स्वराघाताशी ताडून पाहिले आणि १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्या अपवादांचाच नियम सांगितला. फ्लायर टाकून देणाऱ्याच्या वहीत व्हेर्नरला काही सापडले नसते.

तिसरा शब्द 'नोड'. भौतिकीत आपण त्यास निस्पंद म्हणतो : कंप पावणाऱ्या तारेवरील स्थिर बिंदू. ह्या शब्दामागे खरे भौतिक तथ्य आहे, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. बार उडताच नळी कंप पावते, आणि गोळी हजारांश सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात तोंडातून बाहेर पडते. त्या क्षणी तोंड वर जात आहे की खाली, ह्यावर गोळीची दिशा काही अंशी अवलंबून असते. मॅलक ह्यांनी १९०१ साली रायफलीच्या नळीच्या कंपनांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला होता. .३०३ ली-एनफील्ड ह्या आपल्या पोलिसांच्या हाती दीर्घकाळ असलेल्या आणि ईशापूरच्या कारखान्यातही बनलेल्या बंदुकीत मंद गोळी तोंड अधिक वर असताना सुटे, त्यामुळे लांब पल्ल्यावर वेगातील फरकाची आपोआप भरपाई होई, हे जुन्या नेमबाजांस ठाऊक होते. ह्यावरून क्रेटन ऑडेट ह्या अमेरिकी नेमबाजाच्या नावाशी निगडित असलेली 'शिडी'ची पद्धत निघाली : मात्रा पायरीपायरीने वाढवीत दूरच्या लक्ष्यावर एकेक गोळी झाडावयाची, आणि जेथे लागोपाठच्या काही गोळ्या एकाच उंचीवर पडतील तेथे नोड आहे असे समजावयाचे. कल्पना सुरेख आहे. पण एका पायरीवर एकच गोळी असताना, लागोपाठ तीन गोळ्या एका उंचीवर पडणे हे नळीच्या कंपनामुळे की निव्वळ विखुरण्यामुळे, हे कोणी कसे सांगावे? तीच शिडी दुसऱ्या दिवशी पुन्हा चढून पाहावी आणि नोड त्याच पायरीवर भेटतो का ते तपासावे, एवढाच उपाय आहे. अमेरिकेत एक गोष्ट प्रचलित आहे : टेक्ससचा एक नेमबाज गोठ्याच्या भिंतीवर वाटेल तशा गोळ्या झाडतो आणि मग जेथे त्या दाट पडल्या असतील त्यांभोवती रंगाने लक्ष्याची वर्तुळे काढतो. त्यांच्याच देशातील ही गोष्ट हातभरणी करणाऱ्यांनी अधिक मनावर घ्यावयास हवी होती.

हा सर्व ऊहापोह कागदावरील छिद्रांपुरता असता तर त्याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. कोणी आपल्या बंदुकीस अर्धा इंची म्हटले काय किंवा एक इंची म्हटले काय, कोणाचे काय बिघडते? परंतु ह्या आकड्यावरून शिकारी पल्ला ठरवितो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या काळीज-फुप्फुसांचा भाग सुमारे आठ इंच व्यासाच्या वर्तुळाएवढा धरण्याची रीत आहे. गोळी त्यात लागली तर प्राणी लवकर पडतो, बाहेर लागली तर जखमी होऊन रानात निघून जातो आणि तासन्‌तास तडफडतो. आपल्या उदाहरणातील बंदूक २०० यार्डांवर, टेकू पक्का असेल तर, ह्या वर्तुळाबाहेर गोळी क्वचितच टाकील. विखुरणे पाव हिश्शाने वाढले तरी हजारात पाचाच्या आसपास गोळ्या बाहेर जातील. म्हणजे ह्या अंतरावर उत्तम भरणीचा शोध बहुतांशी निरर्थक आहे. शिकाऱ्याचा श्वास, त्याची बैठक, वारा ह्यांचा प्रभाव कितीतरी अधिक. पण ०.५७ इंचाच्या पुंजक्यावर विश्वासलेला मनुष्य पाचाने गुणाकार करून म्हणतो की, ५०० यार्डांवर माझा पुंजका तीन इंचांचाही होत नाही, मग आठ इंचांच्या वर्तुळाची मला चिंता कशाची? त्याच्या समजुतीप्रमाणे चुकण्याची शक्यता हजारात तीन. बंदुकीच्या खऱ्या विचलनाप्रमाणे ती शंभरात सव्वीस आहे. त्यातून त्याने दुर्बिणीचा रोखही त्याच तीन गोळ्यांच्या मध्यावरून जुळविला असेल, तर मध्याची स्वतःची अनिश्चितता मिळून ती शंभरात छत्तीसच्या वर जाते. पहिल्या नेमातील भ्रम दुसऱ्या नेमात उतरला. वारा आणि हाताचा कंप ह्यांचा हिशेब अजून केलेलाच नाही.

कॅलिफोर्निया राज्याने, शिशाच्या गोळ्यांचे कण खाऊन काँडोर गिधाडे मरतात म्हणून, १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्यांस बंदी केली. तेथील शिकाऱ्यांना तांब्याच्या गोळ्यांकरिता भरण्या नव्याने शोधाव्या लागल्या, आणि 'तांब्याच्या गोळ्या माझ्या बंदुकीला मानवत नाहीत' अशी तक्रार ऐकू येऊ लागली. काही बंदुकींच्या बाबतीत ती खरी असेलही. किती तक्रारी तीन गोळ्यांवर उभ्या आहेत हे पाहिल्यावाचून ह्या तक्रारीचे मोल ठरत नाही, आणि येथे तर प्रश्न सार्वजनिक धोरणाचा आहे.

ह्यावरील उपाय महागडे नाहीत. कमाल अंतर केवळ दोन छिद्रांवर अवलंबून असते, बाकीची छिद्रे वाया जातात. त्याऐवजी पुंजक्याच्या मध्यापासून प्रत्येक छिद्राचे अंतर मोजून त्यांची सरासरी, म्हणजे सरासरी त्रिज्या, घ्यावी. वेगवेगळ्या दिवशी झाडलेले पुंजके नेमाच्या बिंदूवर एकावर एक ठेवून एकच मोठा पुंजका करावा. अशा रीतीने हंगामाभरात तीस-चाळीस गोळ्यांचा नमुना सहज साठतो आणि एकही गोळी जादा खर्ची पडत नाही. दहा भरण्यांचे तीन-तीन गोळ्यांचे प्रयोग करण्यापेक्षा दोन भरण्यांचे पंधरा-पंधरा गोळ्यांचे प्रयोग करावे. आणि विजयी भरणीची योग्यता निवडीच्या पुंजक्यावरून न सांगता निवडीनंतर झाडलेल्या नव्या गोळ्यांवरून सांगावी.

आपल्याकडील क्षेत्रकार्यास ही मापे जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी एदमाँ एदमोंने १८९७ ते १९०१ ह्या काळात ६३९ गावे पालथी घातली. तेथे बहुतेक गावी माहिती देणारा एकच. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात बोलीमागून बोलीचे दर्शन घडते ते उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताच्या एकेका भाषांतरातून. ह्या ग्रंथांचे मोल मी कमी करीत नाही. परंतु त्यांतील एखाद्या रूपावरून 'अमुक बोलीत असे म्हणतात' हे रीतिवाचक वाक्य आपल्या प्रबंधात लिहिताना, बंदुकीला भरणी मानवते म्हणणाऱ्या शिकाऱ्याचेच क्रियापद आपण वापरीत असतो.

राहता राहिला फ्लायरचा प्रश्न. काही गोळ्या खरोखरीच वगळण्याजोग्या असतात : घोडा ओढताना हात हिसकला, पापणी मिटली, बंदूक टेकूवरून सरकली. त्या ओळखण्याची एक जुनी आणि निर्दोष रीत नेमबाजांतच आहे. बार उडाल्याबरोबर, दुर्बिणीतून कागदाकडे पाहण्यापूर्वी, ही गोळी कोठे गेली असावी हे नेमबाज मोठ्याने सांगतो आणि जवळचा सोबती ते वहीत टिपतो. 'उजवीकडे, खाली' असे आधी सांगितले गेले असेल तरच ती गोळी हिशेबातून काढावी, मग ती प्रत्यक्षात मध्यावर का लागलेली असेना. छिद्र पाहिल्यानंतर सुचलेले कारण कितीही सयुक्तिक असले तरी ती गोळी हिशेबात राहते. ध्वनिमुद्रित मुलाखतीतील एखादे रूप 'जिभेची चूक' म्हणून गाळावयाचे असेल तर त्याची खूण मुलाखत चालू असताना, वेळेच्या नोंदीसह, टाचणवहीत केलेली असावी. तक्ता मांडावयास बसल्यावर केलेली खूण ग्राह्य धरू नये.